वरून एक, खालून एक: जीपीएसच्या परावर्तनातून विमानाची उंची कशी मोजायची

विमानातलं रेडिओ अल्टिमीटर स्वतः लहरी सोडतं, त्या जमिनीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघतं आणि उंची सांगतं. त्यासाठी ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर राखून ठेवला आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत त्याच्या जवळच्या पट्ट्यात फाइव्ह-जी सुरू होताना विमान कंपन्यांनी जो गदारोळ केला, तो या अल्टिमीटरपायीच.

या लेखातली पद्धत स्वतः काहीच सोडत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून चोवीस तास सिग्नल पाठवत असतात. तोच सिग्नल विमानाच्या पाठीवरची अँटेना थेट पकडते आणि पोटाखालची अँटेना जमिनीवरून किंवा पाण्यावरून उसळून आल्यावर पकडते. दुसरा थोडा उशिरा पोचतो. तो उशीर मोजला की उंची मिळते.

तत्त्व शाळकरी आहे. खरी कसोटी लागते ती मीटर-दोन मीटर कुठे हरवले याचा हिशेब ठेवताना, म्हणून लेखातली बरीचशी जागा त्या हिशेबाला दिली आहे. बारावीपर्यंतची त्रिकोणमिती आणि थोडं पायथन येत असेल तर बाकीचं जमून जातं.

आधी सूत्र, मग खरेदी

उपग्रह इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापाशी समांतर येतात असं धरायला हरकत नाही. खाली शांत पाणी आहे आणि पाण्याखाली तेवढ्याच खोलीवर विमानाचं प्रतिबिंब आहे अशी कल्पना करा. परावर्तित सिग्नलने कापलेलं अंतर म्हणजे उपग्रहापासून त्या प्रतिबिंबापर्यंतचं अंतर. विमान आणि प्रतिबिंब यांच्यातलं उभं अंतर उंचीच्या दुप्पट असतं. ते किरणाच्या दिशेने मोजलं की:

जास्तीचं अंतर = २ × उंची × साइन (उन्नतांश)

उन्नतांश म्हणजे उपग्रह क्षितिजापासून किती अंश वर आहे तो कोन. विमान ५०० मीटरवर आणि उपग्रह ६० अंशांवर असेल तर जास्तीचं अंतर ८६६ मीटर, म्हणजे जेमतेम २.९ मायक्रोसेकंदांचा उशीर.

परावर्तनाचा बिंदू विमानाच्या बरोबर खाली नसतो, हे इथेच डोक्यात पक्कं करा. तो उपग्रहाच्या दिशेला, 'उंची भागिले टॅन (उन्नतांश)' इतका पुढे असतो. वरच्या उदाहरणात २८९ मीटर पुढे. उपग्रह २० अंशांवर असता तर हाच बिंदू जवळजवळ १.४ किलोमीटर दूर गेला असता. सपाट पाण्यावर याने बिघडत नाही. डोंगराळ भागात मात्र तुम्ही स्वतःच्या पायाखालची उंची समजून शेजारच्या टेकडीपासूनची मोजत बसाल. जमिनीवर काम करायचं तर ६० अंशांच्या वरचेच उपग्रह घ्या.

मिळणारी उंची कशापासूनची, तेही बघा. ही परावर्तन करणाऱ्या पृष्ठभागापासूनची उंची आहे. हवेच्या दाबावरून कॉकपिटमध्ये दिसणारी उंची वेगळी आणि जीपीएस देतं ती तिसरीच. या तिन्हींची सरमिसळ झाली की चर्चेला अंत राहत नाही.

एक चिप म्हणजे २९३ मीटर

जीपीएसचा सर्वसामान्य नागरी सिग्नल, म्हणजे एल-१ वरचा सी/ए कोड, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. त्यावर १०२३ चिप्सचा (चिप म्हणजे इथे कोडमधला एक ठोका, शून्य किंवा एक) ठरावीक क्रम दर मिलिसेकंदाला एकदा फिरत असतो. एका चिपची लांबी अंतरात मोजली तर सुमारे २९३ मीटर. आलेला सिग्नल आणि आपल्याकडची कोडची प्रत एकमेकांवर सरकवून जुळवल्या, की जिथे त्या बरोबर बसतात तिथे एक शिखर उभं राहतं. त्याला कोरिलेशनचं शिखर म्हणतात. आकार त्रिकोणी, दोन्ही बाजूंना एकेक चिप पसरलेला.

म्हणजे थेट आणि परावर्तित शिखरं वेगळी दिसायला त्यांच्यात निदान एका चिपचं अंतर हवं. उपग्रह अगदी डोक्यावर असला तरी त्यासाठी सुमारे १४७ मीटर उंची लागते. दोन्ही त्रिकोण एकमेकांना अजिबात शिवू नयेत अशी अपेक्षा असेल तर तिच्या दुप्पट. त्याखाली त्रिकोण एकमेकांत मिसळतात आणि उत्तर डळमळीत होतं. धावपट्टीला टेकताना शेवटच्या काही फुटांत रेडिओ अल्टिमीटर जे काम करतं, ते सी/ए कोडच्या परावर्तनाने होणार नाही. ही पद्धत त्याची जागा घेईल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला हा आकडा विचारा.

ड्रोनवाल्यांची अडचण इथेच आहे. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत उडवता येतं. तेवढ्या उंचीवर ६० अंशांच्या उपग्रहाचा फरक २०८ मीटर, म्हणजे पाऊण चिपसुद्धा नाही. यावर उतारा आहे ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल-५ सिग्नल. त्याचा कोड दहापट वेगाने धावतो, त्यामुळे चिप २९.३ मीटरची होते आणि १२० मीटरवरही दोन शिखरं स्वच्छ वेगळी दिसतात. युरोपच्या गॅलिलिओचा ई-५ए सिग्नलही याच फ्रिक्वेन्सीवर, याच वेगाचा आहे. आपली भारतीय उपग्रह-प्रणाली नाविकसुद्धा एल-५ वरच आहे, म्हणून अनेक जण तो वापरायचं ठरवतात. पण नाविकच्या नागरी कोडचा वेग सी/ए इतकाच आहे. फ्रिक्वेन्सी एल-५ ची असली तरी चिप २९३ मीटरचीच. ड्रोनसाठी त्याचा उपयोग नाही. त्याची खरी सोय वेगळी आहे: त्याचे उपग्रह भूस्थिर किंवा भूसमकालिक कक्षेत असल्याने एका जागी उभं राहून मोजणाऱ्याला परावर्तनाचा बिंदू फारसा हलत नाही.

हे खरंच होतं का?

होतं. युरोपीय अंतराळ संस्थेतल्या मॅन्युएल मार्टिन-नेइरा यांनी १९९३ मध्ये परावर्तित सिग्नलांवरून समुद्राची पातळी मोजण्याची कल्पना मांडली आणि पुढे नेदरलँड्समधल्या झीलंड पुलावरून, पाण्यापासून सुमारे १८ मीटरवरून, ती करून बघितली. त्याच दशकात नासाच्या लँग्ली केंद्रातले स्टीफन कॅट्झबर्ग आणि जेम्स गॅरिसन यांनी बाजारात मिळणारा जीपीएस विकास-संच बदलून घेतला आणि एक अँटेना वर, एक खाली लावून विमानातून उड्डाणं केली. नासाच्याच जेपीएलच्या चमूने ओरेगनमधल्या क्रेटर लेकच्या कड्यावर, पाण्यापासून सुमारे ४८० मीटरवर उपकरण मांडून २ सेंटीमीटरची अचूकता दाखवली. २००२ मध्ये विमानातून समुद्रावर ५ सेंटीमीटरपर्यंतचं काम प्रसिद्ध झालं. हे आकडे सरासरी काढून, उत्तम उपकरणांनी आलेले आहेत. नवशिक्याने सी/ए कोडवर पहिल्या झटक्यात काही मीटर मिळवले तरी पाठ थोपटून घ्यावी.

सध्याचं सगळ्यात रंजक उदाहरण न्यूझीलंडचं. तिथे 'रोंगोवाई' नावाच्या प्रकल्पात २०२२ पासून एअर न्यूझीलंडच्या एका क्यू-३०० प्रवासी विमानावर असा ग्राहक (म्हणजे रिसीव्हर, सिग्नल पकडणारं यंत्र) बसवला आहे. विमान नेहमीच्या प्रवासी फेऱ्या मारतं आणि मोजणी आपोआप होत राहते. त्याची माहिती नासाच्या समुद्रविज्ञान संग्रहातून कुणालाही उतरवून घेता येते.

पायरी १: काठावर एक फोन

लगेच एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) मागवू नका. आधी पाण्याच्या काठावर चार-पाच मीटर उंच जागा शोधा: धक्का, घाट, छोटा पूल. अँड्रॉइड फोनवर कच्चे जीपीएस आकडे नोंदवणारं अ‍ॅप टाका (गूगलचं जीएनएसएस लॉगर चालतं) आणि फोन काठाशी पाण्याकडे मोकळा ठेवून तासभर नोंद करा.

इथे दोन शिखरं दिसणार नाहीत, उंची फार कमी आहे. दिसेल ते असं: उपग्रह उगवताना किंवा मावळताना त्याच्या सिग्नलची ताकद लाटेसारखी वरखाली होते, कारण थेट आणि परावर्तित लहरी कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारतात. आडव्या अक्षावर वेळ न घेता साइन (उन्नतांश) घ्या. मग या लाटा समान अंतरावर येतात. एका एककात त्यांची संख्या 'दुप्पट उंची भागिले तरंगलांबी' इतकी असते. एल-१ ची तरंगलांबी १९ सेंटीमीटर. अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर असेल तर एककात सुमारे ४२ लाटा, म्हणजे ५ ते २५ अंशांच्या टप्प्यात साधारण १४. फोनची अँटेना परावर्तन टाळण्यात कच्ची असते. दिशा शोधताना ती उणीव असते, इथे ती फायद्याची ठरते.

लाटा मोजा, उंची काढा, मग मोजपट्टी पाण्यापर्यंत सोडून पडताळा. मुंबईत किंवा कोकणात भरती-ओहोटीचा काठ असेल तर आणखी मजा आहे. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटरने वरखाली होतं, ते तुमच्या आलेखात दिसलंच पाहिजे. लाटा मोजायचं काम आयतं करून हवं असेल तर क्रिस्टीन लार्सन यांची 'जीएनएसएस-रेफ्ल' ही मुक्त प्रणाली आहे. पण पहिल्यांदा हाताने करा.

पायरी २: सामान

ग्राहकाला दोन वाहिन्या हव्यात आणि दोन्ही एकाच घड्याळावर चालायला हव्यात. याला पर्याय नाही. दोन स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगल शेजारी लावून भागत नाही. त्यांच्या घड्याळांत दशलक्षात एका भागाचा फरक असला तरी सेकंदाला ३०० मीटरची खोटी सरक जमा होते. हॅकआरएफला एकच वाहिनी आहे. यूएसआरपी बी२१० किंवा ब्लेडआरएफ २.० यांत एकाच इलेक्ट्रॉनिक चिपवर दोन ग्राहक वाहिन्या आहेत, ते चालतात. ही यंत्रं सिग्नल सोडूही शकतात, त्यामुळे परदेशातून मागवण्याआधी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचे नियम वाचून घ्या. कस्टममध्ये पार्सल अडकलं की महिनाभराचा उत्साह जातो.

अँटेनाचा मामला जरा नाजूक. जीपीएसच्या लहरी उजव्या हाताच्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या असतात. पाण्यावरून परावर्तित झाल्यावर, उपग्रह अगदी क्षितिजाला टेकलेला नसेल तर, त्या बहुतांशी डाव्या हाताच्या होतात. म्हणून वरची अँटेना नेहमीची चालेल, खालची मात्र डाव्या ध्रुवीकरणाची हवी. दुकानात मिळणारी साधी पॅच अँटेना उलटी टांगली तर तीही थोडंफार पकडते, पण हवा असलेला सिग्नल दाबते आणि नको असलेला आत घेते.

जमिनीवरच्या सरावासाठी डावी अँटेना घरी होते. प्लंबरकडच्या दोन इंची पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ६० मिलिमीटर, म्हणजे घेर पावणेएकोणीस सेंटीमीटर. एल-१ ची तरंगलांबी जवळपास तेवढीच! त्यावर तांब्याची तार पावणेपाच सेंटीमीटरच्या अंतराने गुंडाळा, मागे पत्र्याची तबकडी लावा आणि वेटोळी डाव्या आट्यांची ठेवा, म्हणजे नेहमीच्या स्क्रूच्या उलट. अशा हेलिक्सचा इंपीडन्स १४० ओहमच्या आसपास असतो. ५० ओहमच्या केबलला ती थेट जोडली तर डेसिबलभर सिग्नल जातो. सुरुवातीला तो जाऊ द्या, पण अँटेनाच्या अगदी बुडाशी एलएनए, म्हणजे स्वतःचा गोंगाट कमी असलेला अँप्लिफायर, लावायला विसरू नका. जीपीएसचा सिग्नल मुळातच उष्णतेच्या गोंगाटाखाली बुडालेला असतो. लांब केबलमधून तो तसाच नेला तर हाती काही लागत नाही.

पायरी ३: वाहिन्यांचा हिशेब घरीच मिटवा

नवशिके हमखास वगळतात ती ही पायरी. वरची केबल ३ मीटर, खालची ५ मीटर असली तर दोन मीटरचा फरक पडेल असं वाटतं. प्रत्यक्षात साध्या कोअॅक्स केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या दोनतृतीयांश वेगाने जातो, त्यामुळे फरक तीन मीटरचा होतो. एलएनएमधल्या फिल्टरचा उशीर काही मीटरचा असू शकतो आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे एलएनए असतील तर तो सारखा नसतो.

उपाय: एकच अँटेना घ्या, तिचा सिग्नल स्प्लिटरने दोन्ही केबलींत आणि दोन्ही वाहिन्यांत सोडा, पाच मिनिटं नोंद करा. दोन्हींत एकाच उपग्रहाची शिखरं कुठे आली ते बघा. जो फरक दिसेल तो तुमच्या यंत्रणेचा, आकाशाचा त्यात काही संबंध नाही. तो वहीत लिहून ठेवा. स्प्लिटर असा घ्या की अँटेनाला वीज एकाच बाजूने जाईल. दोन्ही वाहिन्यांची वीज एकमेकींवर भिडली तर एखादा बायस-टी (केबलमधूनच अँटेनाला वीज देणारा भाग) आरामात जळतो. एलएनए मात्र या चाचणीतून सुटतात, म्हणून ते एकाच बनावटीचे घ्या किंवा आलटून पालटून पुन्हा मोजा.

पायरी ४: उंच कड्यावरून पाण्याकडे

विमानाआधीचा हा मुक्काम टाळू नका. पाण्यापासून तीन-चारशे मीटर उंच आणि पाणी आडव्या अंतरात किलोमीटरच्या आत, अशी जागा हवी. पुणेकरांना पवना धरणाच्या जलाशयाकाठचा तुंग आठवेल. त्याचा माथा पाण्यापासून चारशे मीटरच्या वर आहे. ३० अंशांवरच्या उपग्रहाचा परावर्तन-बिंदू तिथून सुमारे सात-आठशे मीटरवर पडेल आणि फरक दीड चिपच्या घरात असेल. तो बिंदू पाण्यावर पडतो की उतारावरच्या झाडीत, हे निघण्याआधी नकाशावर तपासा. उपग्रह कोणत्या दिशेला कधी असेल ते कुठलंही उपग्रह-अंदाज अ‍ॅप सांगतं. पाण्याच्या दिशेला २५ ते ४५ अंशांवर दोन-तीन उपग्रह असतील अशी वेळ निवडा. पहाटे जा. वारा पडलेला असतो आणि पाणी आरसा होतं.

आरशाचा मुद्दा इथे मोजून बघण्यासारखा आहे. पृष्ठभागाचा खडबडीतपणा 'तरंगलांबी भागिले ८ साइन (उन्नतांश)' याहून कमी असेल तर परावर्तन स्वच्छ मिळतं. ६० अंशांवर ही मर्यादा पावणेतीन सेंटीमीटर, १५ अंशांवर नऊ. म्हणजे तेच पाणी वरच्या उपग्रहाला खडबडीत आणि खालच्याला गुळगुळीत दिसतं.

नोंद किती करायची? सेकंदाला १ कोटी सॅम्पल, दोन वाहिन्या, प्रत्येक सॅम्पलला १६ बिटांचे दोन आकडे (आय आणि क्यू) म्हटले तर सेकंदाला ८० मेगाबाइट, मिनिटाला ४.८ गीगाबाइट. साध्या पेन-ड्राइव्हला हा वेग झेपत नाही, एसएसडी लागते. आठ बिटांवर आणलं तर आकार निम्मा होतो आणि सिग्नलचं काही बिघडत नाही. दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत नोंद करा.

पायरी ५: उशीर काढणे

वरच्या वाहिनीची फाइल 'जीएनएसएस-एसडीआर' या मुक्त प्रणालीतून चालवा. ती उपग्रह शोधते, त्यांचा डॉप्लर (गतीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) आणि कोडची स्थिती सांगते आणि तुमचं स्थानही काढून देते. खालच्या वाहिनीवर मात्र हीच प्रणाली आंधळेपणाने चालवू नका. परावर्तित सिग्नल क्षीण आणि लुकलुकता असतो, त्याचा माग सुटतो. त्याऐवजी थेट सिग्नलकडून मिळालेला डॉप्लर आणि कोड घ्या आणि खालच्या वाहिनीत शून्य चिपच्या थोडं अलीकडून सुरुवात करून आठ चिप पलीकडेपर्यंत प्रत्येक उशिराला कोरिलेशन काढा. पायथनमध्ये हे शंभरेक ओळींत होतं.

डॉप्लर तसाच वापरता येतो, यामागचं कारण मला फार आवडतं. विमान आडवं उडतंय तोवर थेट आणि परावर्तित किरणांची आडवी दिशा एकच असते, म्हणून पुढच्या वेगाचा परिणाम दोघांवर सारखा. फरक पडतो तो फक्त चढण्या-उतरण्याने. सेकंदाला ५ मीटर चढताना, ६० अंशांच्या उपग्रहासाठी हा फरक सुमारे ४५ हर्ट्झ येतो. एका मिलिसेकंदाच्या कोरिलेशनला तो जाणवतही नाही. आणि फेज स्वच्छ मिळत असेल तर याच फरकातून विमानाचा उभा वेग फुकट मिळतो.

एका मिलिसेकंदाच्या निकालात गोंगाटच दिसेल. असे हजार निकाल त्यांचा वर्ग करून एकावर एक रचा. एका सेकंदाच्या बेरजेत शिखर वर येऊ लागतं.

आता शिखराचा कुठला बिंदू धरायचा? शांत पाण्यावर त्रिकोण सरळ असतो, टोक धरा. खवळलेल्या समुद्रावर टोक फसवतं. मुख्य बिंदूच्या आजूबाजूच्या लाटांवरूनही सिग्नल येत असतो आणि तो नेहमी उशिराच येतो, लवकर कधीच नाही. त्यामुळे शिखराला मागे लांब शेपटी फुटते आणि टोक मागे ओढलं जातं. टोक धरलं तर उंची जास्त येणार. चढती कड जिथे सर्वांत तीव्र आहे तो बिंदू धरणं अशा वेळी रास्त. काही जण टोकाच्या सुमारे ७० टक्क्यांचा बिंदू धरतात. कुठलाही धरा, पण सगळ्या नोंदींना एकच धरा.

पायरी ६: एक गणित शेवटपर्यंत

समजा उपग्रह ५२ अंशांवर आहे, सॅम्पल दर सेकंदाला १ कोटी, म्हणजे एक सॅम्पल ३० मीटरला जरा कमी. परावर्तित शिखर थेट शिखरानंतर २६.४ सॅम्पलवर आलं. (दशांश येतो कारण शिखराच्या दोन्ही कडांना रेषा बसवून टोक काढलं आहे.) अंतर ७९१.४५ मीटर. यालाच २ साइन ५२ ने, म्हणजे १.५७६ ने भागलं तर ५०२.२ मीटर उंची येते. अजून काहीच वजा केलेलं नाही.

खालची केबल दोन मीटर लांब होती: ३.०३ मीटर वजा. हवा: परावर्तित किरण विमानाखालच्या हवेतून दोनदा जातो, थेट किरण एकदाही नाही. समुद्रसपाटीजवळची हवा सिग्नलला दर मीटरमागे सुमारे ०.३ मिलिमीटर उशीर लावते. इथे तिरकी वाट दोन्ही मिळून जवळजवळ १२७० मीटर, म्हणून ०.३८ मीटर वजा. उरले ७८८.०४. भागिले १.५७६, उंची ५०० मीटर.

बाकीच्या चुका बहुतेक वजाबाकीतच मरतात. उपग्रहाच्या घड्याळाची चूक, तुमच्या घड्याळाची चूक, आयनांबराचा उशीर, सगळं दोन्ही वाटांना सारखंच लागू होतं. पृथ्वीची गोलाई एवढ्या उंचीवर सेंटीमीटरभर होते. १० किलोमीटरवर, ४५ अंशांना मात्र ती आठेक मीटर होईल, तिथे सपाट सूत्र विसरा.

राहिला प्रश्न ५०० मीटर म्हणजे नेमकी कशाची उंची. दोन अँटेना एकीखाली एक असतील तर उत्तर येतं ते दोन्हींच्या मधल्या बिंदूचं. मागेपुढे असतील तर उपग्रहाच्या दिशेने त्यांचं आडवं अंतर गुणिले कोसाइन (उन्नतांश) एवढी दुरुस्ती लागते, आणि ती विमान वळलं की बदलते.

पायरी ७: हवेत

भारतात परवानगी असलेल्या विमानाच्या अंगावर बाहेरून अँटेना लावायची तर डीजीसीएच्या मंजुरीचा मार्ग आहे, शॉर्टकट नाही. खिडकीला पॅच चिकटवून प्रयोग करायचा मोह आवरा, त्यातून उपयोगी आकडेही मिळत नाहीत. संस्था पाठीशी नसेल तर रोंगोवाईच्या नोंदी उतरवून घ्या. त्यात परावर्तित शक्तीचे उशीर-डॉप्लर नकाशे असतात. त्यांवर कड शोधणं, उंची काढणं आणि विमानाच्या नोंदलेल्या उंचीशी ताडणं हा महिनाभराचा भरपूर अभ्यास आहे, तोही खिशाला हात न लावता.

प्रत्यक्ष उड्डाणाची संधी मिळालीच तर सरळ, समतल पट्टे पाण्यावरून आखा. विमान वळताना पंख तिरका होतो, खालची अँटेना आकाशाकडे बघू लागते आणि तिच्यात थेट सिग्नल घुसतो. वळणांतल्या नोंदी सरसकट टाकून द्या.

थेट सिग्नल खालच्या वाहिनीत थोडा तरी गळतोच. पुष्कळ जण तो दाबायच्या खटाटोपात पडतात. मला तो आवडतो. खालच्याच वाहिनीत शून्याजवळ गळतीचं छोटं शिखर आणि पुढे परावर्तनाचं शिखर, दोन्ही एकाच केबलमधून, एकाच एलएनएमधून आलेली! त्यांच्यातला फरक घेतला तर पायरी ३ चा सगळा हिशेब आपोआप गळून पडतो आणि उंची थेट खालच्या अँटेनाची मिळते. विमानाच्या धडाला वळसा घालून आल्याने गळतीचं शिखर जरा वेडंवाकडं असतं, म्हणून मुख्य उत्तरासाठी नको, पण दोन वाहिन्यांचं उत्तर याच्याशी मीटरभराहून जास्त भांडत असेल तर केबलचा आकडा पुन्हा तपासा.

कुणी जीपीएस जॅम केलं तर मात्र वरची आणि खालची दोन्ही वाहिन्या एकदम आंधळ्या होतात. जीपीएस गेल्यावरचा आधार म्हणून ही पद्धत कुणी विकत असेल तर ती घेऊ नका.

पडताळणी

कड्यावरच्या प्रयोगाला धरणाची पातळी हाताशी असते. महाराष्ट्राचा जलसंपदा विभाग जलाशयांच्या पातळ्या रोज जाहीर करतो. त्या दिवशीची पातळी अधिक तुमची मोजलेली उंची, म्हणजे अँटेनाची समुद्रसपाटीपासूनची उंची. ती नकाशाशी जुळवा.

समुद्रावरच्या उड्डाणात जीपीएसने दिलेल्या उंचीशी ताडताना एक खड्डा आहे. कच्ची जीपीएस उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि भारताच्या आसपास खरा समुद्र त्या लंबगोलाच्या बराच खाली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे साठ मीटर, श्रीलंकेच्या दक्षिणेला शंभराहून जास्त. म्हणून मुंबईसमोर परावर्तनातून ५०० मीटर आले आणि जीपीएस ४४० च्या आसपास दाखवत असेल, तर यंत्र उघडू नका. ग्राहकाच्या सेटिंगमध्ये उंची कुठल्या आधारपृष्ठापासून लिहिली जाते ते बघा, त्या जागेची जिऑइड दुरुस्ती (लंबगोल आणि सरासरी समुद्रपातळी यांच्यातला फरक) लावा, त्या वेळची भरती धरा आणि मग उरलेल्या फरकाकडे वळा.